जपानमधल्या क्योटो शहराच्या गिऑन भागात जुन्या घराचं डिझायनर हॉटेल घ्यावं का? काय बघून बुक करावं?

जरूर घ्या, पण फोटोंवर भाळू नका. अशा जुन्या लाकडी घराला 'माचिया' म्हणतात: दर्शनी भाग अरुंद, आत लांबच लांब, मध्ये हातभर अंगण. जिना जवळपास शिडीसारखा उभा. सोबत वयस्कर माणसं असतील तर तळमजल्याचीच खोली मागा. भिंती पातळ, शेजारचा खोकलाही ऐकू येतो.

सामानाचं आधी ठरवा. क्योटो स्टेशनहून बसमध्ये मोठी बॅग म्हणजे धक्काबुक्की. त्यापेक्षा जेआर नारा लाइनच्या ट्रेनने एकच स्टेशन तोफुकुजी, तिथे केइहान लाइनची ट्रेन पकडून गिऑन-शिजो स्टेशन. बॅगेची चाकं तातामी चटईवर फिरवू नका, विणीला ओरखडे पडतात, स्लिपरही बाहेरच.

भाड्याशिवाय शहराचा मुक्कामकर लागतो. 1 मार्च 2026 पासून माणशी रात्रीला 200 ते 10,000 येन. माणशी भाडं 20,000 ते 49,999 येन असेल तर 1,000. बुकिंगच्या रकमेत तो धरलाय का, विचारा.

शाकाहारी असाल तर नाश्त्याबद्दल आधीच लिहून कळवा. नुसतं 'मांस नको' पुरत नाही, मिसो सूपच्या दाशीत, म्हणजे ते ज्या पातळ रश्श्यावर करतात त्यात, बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो.