काळ्या रेघांआधी अँटेनाची वायर

तुमची तक्रार अशी: रेट्रोआर्क या जुने गेम चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, त्यातल्या फ्यूज एम्युलेटरवर, झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाचे गेम लावले, जुन्या टीव्हीसारख्या आडव्या काळ्या रेघा (स्कॅनलाइन) मारणारा फिल्टर टाकला, तर चित्र काळवंडलं, जाड-बारीक पट्टे उमटले आणि जुन्या टीव्हीची मजा काही येईना. फिल्टर बदलत बसू नका. सुरुवात रेघांपासून केलीत, ती सिग्नलपासून करायला हवी.

आपल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्सचा स्पेक्ट्रम प्लस असो की बाहेरून आणलेला, तो घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला लागायचा. त्या एका वायरीतून रंग आणि उजेड एकत्र जायचे. पॅल या आपल्याकडच्या रंगीत टीव्ही सिग्नलच्या पद्धतीत रंगाच्या वाट्याला उजेडापेक्षा बराच कमी तपशील येतो, त्यामुळे लाल अक्षराची कड शेजारच्या पिवळ्यात थोडी सांडायची. आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग, ही स्पेक्ट्रमची मर्यादा त्या सांडण्यामुळे डोळ्यांना कमी खुपायची. रेट्रोआर्कमधल्या शेडरच्या, म्हणजे चित्राचं रूप बदलणाऱ्या फिल्टरच्या, यादीत पॅलचं वेगळं फोल्डर आहे. आधी त्यातला एखादा लावून बघा, रेघा पूर्ण बंद ठेवून. अर्धं काम तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे.

आता रेघा. टीव्हीच्या चित्रात 625 ओळी, त्या दोन हप्त्यांत आलटून पालटून. स्पेक्ट्रम मात्र दर वेळी त्याच 312 ओळी त्याच जागी पाठवतो, म्हणून मधली जागा अंधारी राहते. पण ती सगळीकडे सारखी अंधारी नसते! पांढऱ्या भागात इलेक्ट्रॉनचा झोत फुगतो आणि फट जवळपास बुजते. गडद निळ्यात ओळ बारीक होते आणि फट उघडी पडते. साधा फिल्टर सगळीकडे एकाच जाडीची काळी रेघ मारतो, म्हणून चित्र जाळीच्या खिडकीतून पाहिल्यासारखं दिसतं. सीआरटी-रॉयल किंवा सीआरटी-गेस्ट-अॅडव्हान्स्ड हा शेडर घ्या (सीआरटी म्हणजे जुन्या टीव्हीची काचेची पिक्चर ट्यूब). त्यांत झोताची जाडी उजेडाप्रमाणे बदलते.

पट्ट्यांचं कारण निव्वळ गणिती आहे. फ्यूजचं चित्र बॉर्डरसकट 320 बाय 240 असतं. पडद्याच्या उंचीच्या 1080 पिक्सेलना 240 ने भागलं की साडेचार येतात, मग कुठली ओळ चार पिक्सेलची, कुठली पाचची. इंटिजर स्केल (चित्र पूर्ण पटीतच मोठं करायची सोय) चालू करा: 1080 वर चारपट, 768 च्या लॅपटॉपवर तिप्पट. फोरकेवर (2160) बरोबर नऊपट बसतं, आणि मास्क, म्हणजे पडद्यावरच्या रंगीत कण्यांची जाळी, नीट दिसायला खरं तर तेवढे पिक्सेल लागतातच. बॉर्डर कापू नका. खऱ्या टीव्हीवर मधलं चित्र उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशच असायचं.

मास्क म्हणजे काय ते एकदा भिंगातून बघाच. नाशिकला रविवार कारंजाच्या बाजूला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे चालू सेट ठेवलेला असतो, त्याच्या काचेला मी भिंग लावलं होतं. लाल, हिरव्या, निळ्या उभट कण्या, एक ओळ सोडून अर्ध्या उंचीने सरकलेल्या. पिक्सेलची चौकोनी कड कुठेच नाही. एक पांढरा ठिपका पाच-सहा कण्यांवर पसरलेला आणि कडेच्या कण्या मंद. यालाच स्लॉट मास्क म्हणतात. घरगुती सेटसाठी शेडरमध्ये तोच निवडा. उभ्या अखंड पट्ट्यांची अॅपर्चर ग्रिल सोनीच्या ट्रिनिट्रॉनची.

मास्क आणि रेघा मिळून निम्म्याहून जास्त उजेड खातात. तो शेडरच्या ब्राइटनेसने भरून काढायला गेलात तर पांढरा रंग सपाट होतो. मॉनिटरचा बॅकलाइट पूर्ण वाढवा, एचडीआर (जास्त उजेड दाखवायची सोय) असेल तर वापरा.

शेवटचं, आणि बहुतेक जण हे विसरतात: मॉनिटर 50 हर्ट्झवर (सेकंदाला 50 चित्रांवर) ठेवा. स्पेक्ट्रम सेकंदाला 50 चित्रं देतो. 60 च्या पडद्यावर त्यातली दहा दोनदा दिसतात आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळते. अशा वेळी शेडर कितीही भारी असला तरी डोळा फसत नाही.

निकाल स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. फोनवर चित्र आक्रसलं की मास्कचे खोटे पट्टे दिसतात. फुल स्क्रीन लावून चार-पाच फूट लांबून बघा. मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं ते लिहा, म्हणजे शेडरचे आकडे देतो.