विकसनशील देशांत पहिलीपासून सगळे विषय इंग्रजीतून शिकवले तर मुलांचं इंग्रजी सुधारतं का?

फक्त माध्यम बदलून सुधारत नाही. रवांडाचंच बघा. 2008 मध्ये तिथल्या सरकारने फ्रेंच बाजूला सारून इंग्रजी माध्यमाचा निर्णय घेतला. शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण बहुतेक फ्रेंचमधून झालेलं, त्यांनी रातोरात इंग्रजीत गणित शिकवायचं कसं? 2011 मध्ये पहिली ते तिसरी पुन्हा किन्यारवांडात, म्हणजे तिथल्या घरच्या भाषेत, आली आणि 2019 मध्ये परत इंग्रजीची घोषणा झाली. धोरणाचा नुसता लंबक! मलेशियानेही 2003 पासून गणित-विज्ञान इंग्रजीत नेलं आणि 2009 मध्ये माघार जाहीर केली.

टांझानियात उलट घोळ आहे. सरकारी शाळांत सात वर्षं स्वाहिली आणि माध्यमिकला पाऊल टाकताच सगळं इंग्रजीत. मग शिक्षक समजावतात स्वाहिलीत आणि फळ्यावर लिहितात इंग्रजीत. मुलं ते उतरवून घेतात. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय' याची इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या पोराला 'झाड अंधारात ठेवलं तर काय होईल?' विचारा, गप्प बसेल. स्वाहिलीत विचारलंत तर कदाचित बोलायला लागेल.

माझं मत: आधी घरच्या भाषेत वाचन-लेखन पक्कं करावं, सोबत इंग्रजी एक विषय म्हणून नीट शिकवावं आणि माध्यम बदलायचंच असेल तर दोन-तीन वर्षं दोन्ही भाषा चालू ठेवून हळूहळू बदलावं. पालकांचा इंग्रजीचा हट्ट चुकीचा नाही, नोकऱ्या तिथेच दिसतात. पण ज्याला स्वतःला इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, त्या शिक्षकाच्या हाती इंग्रजी पुस्तक देऊन काय साधणार?