स्वस्त पिनो न्वार (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) मित्रांसोबत चाखताना चांगली कशी ओळखायची?

बाटल्या आधी कागदात गुंडाळा आणि नंबर टाका. लेबल दिसलं की जीभ लेबलाचंच ऐकते. अर्धा तास फ्रिजमध्येही ठेवा. १४ अंशांच्या आसपास ही वाइन खुलते, गरम झाली की नुसता अल्कोहोल नाकात जातो.

मग रंग बघा. या द्राक्षाची साल पातळ, म्हणून वाइन फिकट, ग्लासामागचं बोट दिसावं इतकी. स्वस्त कॅलिफोर्निया पिनो गडद आणि गोडसर लागली तर मला शंका येते: तिथे लेबलवर पिनो लिहायला ७५ टक्के पिनो पुरते, उरलेल्यात सिरासारखं दुसरं द्राक्ष चालतं. चेरीचा वास आणि स्वच्छ आंबटपणा मिळाला की मी खूश. कमी पैशांत ते मला चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यातल्या वाइनमध्ये जास्त वेळा सापडलं. गुण मात्र प्रत्येकाने बोलण्याआधी लिहावेत.