होंडाची जुनी गोल्डविंग मोटरसायकल अनेक वर्षं उभी आहे. टायमिंग बेल्ट फारसा चाललेला नाही, तरी बदलावा का?

बदला, आणि तोवर स्टार्टरला हातही लावू नका. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसाच वयानेही जातो. उभ्या गाडीत तो पुलीवर एकाच जागी वाकून कडक होतो. गोल्डविंगच्या जीएल १००० ते जीएल १५०० या मॉडेलांच्या इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थांबतो, पण पिस्टन हलवणारा क्रँक फिरत राहतो. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो. मग हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

बेल्ट दोन आहेत, दोन्ही एकदम बदला. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर हाताने फिरवून खरखर लागते का बघा. बेल्ट बसवताना टायमिंगच्या खुणा जुळल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच अडला तर जोर लावू नका, टायमिंग चुकलंय. आपल्याकडे बहुतेक मोटरसायकलींना टायमिंग बेल्टऐवजी टायमिंग चेन असते, त्यामुळे मेकॅनिकला मॅन्युअल दाखवाच.