बोट कुठे ठेवशील?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘स्पिरिट : स्टॅलियन ऑफ द सिमरॉन’ हा रानटी घोड्यावरचा ॲनिमेशनपट बघून तू रडलीस, झोप येईना म्हणून रात्रीच बसून दोन पानं लिहिलीस. इथवर सगळं ठीक. मग तू इतरांची मतं वाचायला बसलीस. एकाला तो बाळबोध वाटला. दुसरीला गाण्यांचा वैताग आला, तिसऱ्याला घोड्याच्या भुवया खटकल्या. चौथा म्हणाला, इतिहास धुऊनपुसून दाखवलाय. आणि तुझ्याच वर्गातलं कोणीतरी म्हणालं की त्या वर्षीचं ऑस्कर जपानी सिनेमाला गेलं, म्हणजे विषय संपला. हे सगळं वाचून तू तुझी दोन पानं पुसून टाकलीस आणि आता मला विचारतेस, ‘काका, यात बरोबर कोण?’

पानं पुसलीस हे वाचून मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे पत्र जरा तिखट होईल. वाचून घे.

बरोबर कोण हा प्रश्नच सोडून दे. सिनेमावर कोणीही काहीही बोललं की त्याला एवढंच विचारायचं: बोट कुठे ठेवतोस? पडद्यावरच्या कुठल्या प्रसंगावर, कुठल्या हालचालीवर? ते दाखवता आलं तर आपण बसून बोलू, भांडू. दाखवता आलं नाही, तर त्याचं कौतुकही घेऊ नकोस आणि टीकाही मनाला लावून घेऊ नकोस. आणि हाच नियम तुझ्या रडण्यालाही लागू आहे. तू रडलीस, पण कुठे? घोडा पकडला गेला तेव्हा, घोडी गोळी लागून नदीत पडली तेव्हा, की शेवटी कळप पुन्हा दिसला तेव्हा? तुझ्या सबंध पत्रात याचा पत्ता नाही. म्हणूनच चार माणसांनी नाक मुरडलं आणि तू डगमगलीस.

तू तर सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून हिंडलेली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे ‘घोडा छान आहे’ म्हणणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी कान बघतं. मग जबडा उघडून दात, मग खूर उचलून तळवा, मग अंगावरचे भोवरे. सगळ्यात शेवटी म्हणतं, आता चालवून दाखवा. त्याने सांगितलेली किंमत मालकाला पटो न पटो, त्याचा हात घोड्यावर असतो. तुला ही नजर घरातून मिळालेली आहे. ती पुण्याला जाताना गावी ठेवून गेलीस का?

आता त्या मतांकडे येऊ. बाळबोध म्हणणाऱ्याला मी आधी विचारलं असतं की बाबा, यात घोडे बोलत नाहीत हे तुझ्या लक्षात आलं का? २००२ सालचा हॉलिवूडचा कौटुंबिक ॲनिमेशनपट, आणि त्यातले प्राणी खिंकाळतात, फुरफुरतात, पाय आपटतात, पण संवाद म्हणत नाहीत. विनोदासाठी एखादं बडबडं गाढव किंवा पोपट जोडून दिलेला नाही. नट मॅट डेमनच्या आवाजात स्पिरिटचं, म्हणजे त्या घोड्याचं, मन तेवढं मधूनमधून ऐकू येतं. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले होते. लोकांच्या लक्षात तारे राहतात. मला त्यांचं बोट महत्त्वाचं वाटतं, आणि ते नेमकं यावर होतं: गमतीची सोबती पात्रं नसल्यामुळे गोष्ट सरळ आणि नितळ राहते.

मॅट डेमनचा तो आवाज नको होता असंही पुष्कळांचं म्हणणं आहे. त्यांच्याकडे बोट ठेवायला जागा आहे, म्हणून हे मत मी मानतो. अमेरिकन फौजेच्या छावणीत कर्नल स्पिरिटला खांबाला बांधून ठेवतो, तीन दिवस अन्नपाणी बंद. तो प्रसंग आवाज बंद करून बघ. कान मागे चिकटले की राग, पुढे टवकारले की लक्ष, हे तुला मी सांगायला नको. मान किती खाली आली, नाकपुड्या किती फुगल्या, वजन कुठल्या पायावर आहे, यावरून सगळं कळतं. ॲनिमेटर जेम्स बॅक्स्टर आणि त्यांच्या चमूने हे काढताना डॉनर नावाचा खराखुरा कायगर मस्टँग, म्हणजे अमेरिकेतल्या रानटी जातीचा घोडा, समोर ठेवला होता. इतकं नेमकं काढल्यावर वरून शब्द कशाला, असं कोणी म्हणालं तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तोच आवाज अगदी सुरुवातीला एक गोष्ट सांगतो: अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास घोड्याच्या खोगिरावरून लिहिला गेला, घोड्याच्या मनातून नाही. हे चित्राने कसं सांगणार? तिथे शब्दच हवेत. म्हणजे एकाच गोष्टीवर दोन जागी बोट ठेवून दोन उलट मतं निघाली, आणि दोन्ही टिकली. ‘निवेदन चांगलं’ किंवा ‘निवेदन वाईट’ असं एका दमात म्हणणाऱ्याला हे दिसलेलंच नसतं.

भुवयांचं तसंच. खऱ्या घोड्याला अशा भुवया नसतात, कबूल. मग विचार कर की जो प्राणी बोलणार नाही असं ठरवलंय, त्याचा चेहरा शेवटच्या रांगेतल्या पाच वर्षांच्या पोराला कसा वाचता येणार? भुवया ही त्यासाठी मोजलेली किंमत आहे. ती जास्त वाटली तर तसं लिही. पण ‘खरा वाटत नाही’ म्हणणाऱ्याला आधी घोड्याचे पाय बघायला सांग. भरधाव दौडीत एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात, आणि तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतकं चित्रकारांनी ते पुढेमागे ताणलेले काढले. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली तेव्हा लोकांचे डोळे उघडले. ॲनिमेशन शिकणारी पोरं आजही तीच छायाचित्रं पुढ्यात घेऊन बसतात, तूही बसली असशील. ती काढून घेणारे लेलँड स्टॅनफर्ड म्हणजे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमाँटरी इथे अमेरिकेच्या दोन टोकांकडून आलेले रूळ जुळले, तेव्हा सोन्याचा शेवटचा खिळा ठोकणारे तेच. सिनेमात रेल्वे स्पिरिटच्या मुलखावर चाल करून येते, आणि स्पिरिटचे पाय खरे दिसावेत याची सोय एका रेल्वेमालकाने करून ठेवलेली! हे मला सुचलं तेव्हा मी किती तरी वेळ त्याच विचारात होतो. पण ते सुचलं पायांकडे बघितल्यावर, लोकांची मतं वाचून नव्हे.

ऑस्कर आणि पैसे यांवर मी फार शाई खर्च करणार नाही. ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी सिनेमाला पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. पाच नामांकनांत हा घोडाही होता. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून सुमारे १२ कोटी डॉलर गल्ला, यावरून तुझ्या वर्गमित्राने काय ते ठरवावं. गल्ला पडद्यावर दिसत नाही. २०२१ साली याच नावावर आलेल्या ‘स्पिरिट अनटेम्ड’ या सिनेमाबद्दल जुन्या चाहत्यांनी जो शंख केला, त्यातलंही निम्मं असंच. त्यांना आपलं लहानपण परत हवं होतं. तिथे गोष्ट लकी नावाच्या मुलीची आहे, घोड्याच्या मनातली नाही, आणि टीकेसाठी बोट ठेवायचंच तर ते इथे ठेवायला हवं होतं. फार थोड्यांनी ठेवलं.

मी एवढा हट्ट का धरतो, ते तुला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण गावात त्याची वेगळीच गोष्ट फिरते. मी एका पुरवणीत सिनेमावर लिहायचो. एक दिवस निरोप आला की यापुढे चार ओळी आणि तारे द्या, वाचकाला वेळ नसतो. मी विचारलं, चार ओळींत मी प्रसंग कुठला दाखवू? उत्तर आलं की प्रसंग नको, बघावा की बघू नये एवढं सांगा. मी लिहिणं थांबवलं. लोक म्हणाले, मास्तरांना गर्व झाला. घरातही तेच ऐकलं. आज पुन्हा तोच निरोप आला तर मी तेच करीन. वाचकाला वेळ नसतो हे मला मान्यच नाही. ज्याच्याकडे दीड तास सिनेमा बघायला वेळ आहे, त्याच्याकडे पाऊण पान वाचायलाही असतो. खंत आहे ती वेगळी. त्यानंतर त्या पुरवणीत मुलांच्या सिनेमावर कोणी मन लावून लिहिलंच नाही. ‘सुट्टीत मुलांना दाखवायला हरकत नाही’, संपलं परीक्षण. मुलं किती बारकाईने बघतात याची कोणाला कल्पना नाही.

आपल्याकडे शाळेच्या सभागृहात हाच सिनेमा लावला होता. संपल्यावर मी विचारलं, काय आवडलं? सगळी पोरं एका सुरात ‘घोडा!’ म्हणाली. एक मुलगा गप्प होता. त्याच्या घरी घोडी होती, वरातीला लावायची. तो अहिराणीत हळूच म्हणाला की दरीवरून उडी मारायच्या आधी तो मागच्या पायांवर बसला, ते बरोबर दाखवलं, आमची घोडीबी तशीच बसते. मग थोडं थांबून म्हणाला, पण पाठीवर माणूस असताना इतकी लांब उडी जमायची नाही. आठदहा वर्षांचं पोर. एक बोट कौतुकाचं, एक शंकेचं, दोन्ही नेमक्या जागी. तू वाचलेल्या सगळ्या मतांपेक्षा मला ते मोठं वाटतं, आणि हे मी उगाच बोलत नाही. जाणत्या परीक्षकाने ती उडी सुटकेचा क्षण म्हणून बघितली असती आणि पुढे गेला असता. या पोराने पाय बघितले.

आता इतिहास. हे एकच मत मला सोडवत नाही, कारण त्यात तथ्य आहे आणि तुझ्या पत्रातलं एकमेव चांगलं वाक्यही तिथेच आहे. तू लिहिलंयस: ‘कर्नल शेवटी शिपायाची बंदूक खाली करतो आणि मान लववतो, ते मला पटलं नाही.’ अगं, हेच तर! हे बोट आहे. हे का पुसलंस?

मी तुझ्याशी सहमत नाही. कर्नलला मी सुरुवातीपासून बघत आलो. घोडा शांत झाला असं वाटून तो शिपायांपुढे भाषण ठोकतो, धीर धरला आणि शिस्त लावली की काहीही माणसाळवता येतं, आणि पुढच्याच क्षणी घोडा त्याला उडवून देतो. त्या माणसाचा अख्खा विश्वास तिथे मातीत गेला. शेवटी दरीच्या अलीकडे उभं राहून तो ती उडी बघतो तेव्हा त्याला आपली हार कळते, आणि ती मान्य करायला तो एक मान लववण्यापलीकडे काही करत नाही. लिहिणाऱ्याने तिथे हात आखडता घेतला, ते मला आवडलं.

पण तुझ्या बाजूनेही बोट ठेवता येतं, आणि ते जास्त टोचणारं आहे. याच फौजेने थोडं आधी लिटल क्रीकच्या, म्हणजे स्पिरिटच्या सोबतीच्या तरुणाच्या, वस्तीवर हल्ला केला; ती वस्ती लाकोटांची, तिथल्या मूळ रहिवाशांची. तिथे कोणाची बंदूक खाली झाली? घोड्याला मान मिळाला आणि वस्तीला आग. सिनेमा याचा हिशेब मागत नाही. निवेदक म्हणतो की पश्चिम जिंकली की हरली ते तुम्ही ठरवा. घोड्याच्या तोंडी ते शोभतं, पण लाकोटा माणसाला ते ठरवायला बसावं लागत नाही, त्याला ते ठाऊक असतं. शिवाय तो ‘मुळचा रानटी’ घोडाही तिथे स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून आलेल्यांचा वंशज. घोड्याची जात उत्तर अमेरिकेतच जन्मली, पण सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तिथून नाहीशी झाली होती. मस्टँगना कायद्याचं संरक्षण मिळायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे ‘माझा मुलूख’ असं घोडा म्हणतो तेव्हा त्याच्या पायाखाली किती थर आहेत बघ. ‘इतिहास धुऊनपुसून’ म्हणणाऱ्याने यातलं एक जरी दाखवलं असतं तरी मी त्याला हात जोडले असते. त्याने नुसता शेरा मारला, आणि तू त्या शेऱ्याला घाबरलीस!

दोन पानं परत लिही. पहिली होती तशी नकोत. आवाज बंद करून सिनेमा पुन्हा बघ, हातात वही ठेव, आणि तू कुठे रडलीस ती जागा शोध. माझा अंदाज आहे की मालगाडीच्या डब्यात बर्फ पडताना त्याला आपला कळप धावताना दिसतो, तिथे. चुकीचा असेल तर सांग. त्यानंतर कर्नलवर ये आणि माझं म्हणणं खोडून काढ. वस्ती आणि मान लववणं शेजारी शेजारी ठेवून लिही, माझी भीड धरू नकोस. रविवारपर्यंत पाठव. तारे देऊन पाठवलंस तर उत्तर येणार नाही.

तुझा,
काका