ताबा जूनमध्ये, मग आत्ता कागद कोणता करायचा?

रिसेल फ्लॅटचा ताबा जूनमध्ये मिळणार, तर आत्ता कोणता कागद करावा, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमचा कोथरूडचा रिसेल फ्लॅट आठवला. तुमच्या विक्रेत्याच्या मुलीची बारावी, म्हणून ताबा जूनमध्ये, फ्लॅटवर त्यांचं कर्ज, आणि एजंट म्हणतो तोवर नोटरीचा एमओयू (नोंदणी न केलेला समजुतीचा करार) पुरे. अजिबात पुरे नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण भरून साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आत्ताच नोंदवा. मग खरेदीखताला (विक्रीच्या अंतिम दस्ताला) पुन्हा तेवढं शुल्क लागत नाही आणि १ एप्रिलला रेडी रेकनर (शुल्क ठरवायचा सरकारी दर) वाढला तरी फरक पडत नाही. व्यवहार मोडला तर भरलेलं शुल्क अडकतं हे खरं, तरी मी हेच करेन. सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) वगैरे तुम्ही घेतलाच असेल.

आम्हाला खरा त्रास दिला तो विक्रेत्याच्या बँकेने. आमच्या पैशांतून त्यांचं कर्ज फिटलं, क्लोजर लेटर लगेच मिळालं, मूळ कागद मात्र येईनात. शाखेत गेलं की "सेंट्रल स्टोअरमधून निघालेत", फोन केला की "साहेब रजेवर". अखेर पाकीट आलं. त्यात बिल्डरचा करारनामा होता, पण त्याची नोंदणी पावती नव्हती, आणि तिच्यावाचून आमची बँक हलेना. तोवर आमच्या सँक्शन लेटरची (कर्जमंजुरीच्या पत्राची) मुदत संपली. पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा व्हॅल्युएशन, वर व्याजदर चढलेला. त्या शाखेत कुणी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही, याची चीड अजून आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण ती कर्जदाराला मिळते, म्हणजे विक्रेत्याला. खोळंबा तुमचा.

म्हणून सहीआधीच विक्रेत्याला त्याच्या बँकेतून एलओडी (बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी) आणायला लावा आणि ती यादी तुमच्या बँकेच्या वकिलाला दाखवा. साठेखतात ताब्यासाठी नुसतं "३० जून" घालू नका. मूळ कागद आणि सोसायटीची एनओसी हाती आल्यापासून अमुक दिवसांत, असं लिहा. शिवाय एक शेवटची तारीख, आणि ती चुकली तर विसार (आगाऊ दिलेली रक्कम) कधी परत व दंड किती, हेही. आधी द्यायची रक्कम कर्ज फेडण्यापुरतीच, तीही थेट कर्जखात्यात. बाकीची ताब्याच्या दिवशी.

"खरेदीखत आत्ता करू, आम्ही जूनपर्यंत राहतो" असं विक्रेते म्हणाले, तर लिव्ह अँड लायसन्स (राहण्याचा भाडेकरार) नोंदवल्याशिवाय हो म्हणू नका. ओळख कितीही जुनी असो.

मी वकील नाही, अनुभव पुण्यातला एवढाच. मसुदा स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, एजंटच्या नको. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा कर) प्रत्येक हप्त्याला कापायचा असतो, शेवटी एकदम नाही. विक्रेता अनिवासी असेल तर तो हिशोबच वेगळा, आधी सीएला गाठा.