जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने राजीनामा देऊन आमदारकी लढवावी का?

राजीनामा देऊ नका. निदान सेवापुस्तक समोर घेऊन बसल्याशिवाय आणि बायकोला विचारल्याशिवाय तरी नकोच.

तुम्ही विचारलंय, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर 17 वर्षं सेवा झाली, गावोगाव विद्यार्थी आहेत, लोक मानतात, तर नोकरी सोडून विधानसभा लढवावी का, की शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर जाणं सोपं? आमच्या घरात हे सगळं घडून गेलंय म्हणून लिहायला बसले. आमचे हे 2014 ला उभे होते. मीही जिल्हा परिषदेचीच शिक्षिका, अजून नोकरीत आहे, त्यामुळे पक्षाचं आणि मतदारसंघाचं नाव लिहिणार नाही. जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, एवढं पुरे.

आधी शिक्षक मतदारसंघाचं बघू. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी शिक्षकांच्या 7. आपल्याकडे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत मिळून एक आमदार. मतदार कोण, तर मागच्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या संस्थेत शिकवलेले. प्राथमिकवाल्यांना तिथं मतच नाही. मतदार याद्या घरोघर जाऊन आपण करायच्या, बीएलओ म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे आपण, मतदानयंत्रं घेऊन आडवस्तीवर मुक्कामाला आपण जायचं, आणि शिक्षकांचा आमदार निवडायची वेळ आली की आपण शिक्षक नाही. हे मला फार सलतं. उभं राहायला बंदी नाही. वयाची 30 वर्षं आणि राज्यातल्या मतदार यादीत नाव लागतं, शिक्षक असायचीही अट नाही. पण मत मागायचं ते हायस्कूल-कॉलेजच्या मंडळींकडे, आणि ती आपापल्या संस्थांना आणि संघटनांना बांधलेली. तेव्हा सोपं अजिबात नाही.

आता आमचं सांगते.

हे जून 1996 ला नोकरीला लागले. तीन शाळा झाल्या, त्यातली नऊ वर्षं एकाच वस्तीशाळेवर. 2012-13 च्या दुष्काळात जनावरांची छावणी पडली, तेव्हा शाळा सुटली की हे तिकडे. कुणाची किती जनावरं, चारा कुणाला मिळाला, कुणाला नाही, सगळं वहीत. रात्री घरी आले की कपड्यांना शेणाचा आणि उसाच्या वाढ्यांचा वास. त्या उन्हाळ्यात मी या माणसाला पहिल्यांदा असं पेटलेलं बघितलं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आजही वाटतो. एकदा एक पुढारी छावणीवर आला, वही चाळली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखी माणसं विधानसभेत पाहिजेत." तेवढं एक वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून बसलं.

माझं म्हणणं एकच होतं. 20 वर्षं पूर्ण झाली की स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शन शाबूत राहते. राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा पाण्यात. "जून 2016 पर्यंत थांबा, मग तीन वर्षं गावोगाव हिंडा आणि 2019 ला उभे राहा," असं मी दहा वेळा सांगितलं असेल. "तोवर लोक छावणी विसरतील," हे त्यांचं उत्तर. सप्टेंबर 2014 च्या पहिल्या आठवड्यात राजीनामा मंजूर झाला. 21 महिने कमी पडले. हाती आला तो भविष्य निर्वाह निधी, तोही निम्मा महिनाभरात संपला.

25 सप्टेंबरला राज्यातली युती आणि आघाडी एकाच दिवशी तुटली. सगळ्यांनाच उमेदवार हवे होते. रात्री फोन आला, तिकीट गुरुजींना. 27 तारीख अर्जाची शेवटची. दुपारी तीनला वेळ संपते, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. हे पांढरा सदरा घालून तहसीलच्या आवारात चिंचेखाली सकाळपासून उभे. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, घेऊन येणारी गाडी येईना. अडीचला कळलं, फॉर्म दोन दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या एका पैसेवाल्याला गेला. आदल्या रात्री मी म्हटलं होतं, दहा सूचकांच्या सह्या घेऊन अपक्ष म्हणूनही अर्ज तयार ठेवा. तो पिशवीत होता म्हणून भरता तरी आला. चिन्ह फळा मागितला होता. तो दुसऱ्या अपक्षाला गेला, आम्हाला कपबशी मिळाली.

प्रचाराला जेमतेम तेरा दिवस. तेव्हा खर्चाची मर्यादा 28 लाख होती, आमच्याकडे सगळं मिळून चार. 15 ऑक्टोबरला मतदान, 19 ला मोजणी. त्या रात्री यांनी हजेरीपटासारख्या ओळी आखून बूथवार आकडे लिहिले. ज्या वस्तीवर नऊ वर्षं शिकवलं, त्या बूथवर 37 मतं. पेन तिथंच थांबलं. डिपॉझिटही गेलं, कारण ते वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात आणि आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो.

मग दिवाळी आली. 23 ला लक्ष्मीपूजन होतं. आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला कुणी तमिळनाडूत, कुणी केरळात, कुणी पार उत्तर प्रदेशात. ती दिवाळीला गावी येतात. पाडव्याला यांचा एक विद्यार्थी बायकोला घेऊन आला. हातावर अ‍ॅसिडचे डाग, खिशात मुलीचा फोटो. पाया पडला, पेढे ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उभं हुता व्हय? मला कुणी सांगितलंच नाही ओ. आलो असतो की." हे त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. त्या चार दिवसांत असे अकरा जण आले. मी मोजले.

गुरुजी, तुम्ही "गावोगाव विद्यार्थी आहेत" असं लिहिलंय, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं. आहेत, पण गावात किती आहेत? मतदार यादीत नाव असलेले किती? आणि गावातल्या मतदाराला आठवतं ते पाणी, ऊसबिल, दवाखान्यात रात्री कोण आलं ते. पाढे कुणी शिकवले ते आठवतं, पण त्यावर मत पडत नाही.

लोक उदाहरणं देतात. एन. डी. पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या ढवळीचे, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, पुढे 18 वर्षं विधान परिषदेत, 1978 ला सहकारमंत्री. खरं आहे, पण त्यांच्यामागे शेतकरी कामगार पक्ष होता, आणि तेही त्या पक्षाच्या कामात आयुष्यभर होते. सोनसळच्या पतंगराव कदमांनीही शाळेत शिकवलं. पण ते 1985 ला आमदार झाले आणि भारती विद्यापीठ काढलं होतं 1964 ला. मधली एकवीस वर्षं धरा की हिशोबात. पाठीशी पक्ष नाही, संस्था नाही, कारखाना नाही आणि नुसता मास्तरकीचा मान आहे, असा माणूस निवडून आलेला मी तरी आमच्या भागात पाहिला नाही.

आता एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचे धाकटे भाऊजी गेली कित्येक वर्षं लग्नात, बारशात, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगतात की वहिनी एक दिवससुद्धा प्रचाराला बाहेर पडल्या नाहीत, म्हणून दादा पडला. मी बाहेर पडले नाही, कारण जिल्हा परिषद कर्मचाऱ्याला प्रचार करता येत नाही. विरोधकाचा एक तक्रारअर्ज आला असता तर माझीही नोकरी गेली असती, आणि घरात तेवढा एकच पगार उरला होता. दोन लेकरं, एक दहावीला. त्या पगारावर मी शिक्षकांच्या बँकेतून 3 लाख उचलले आणि यांच्या हातात दिले. जीपगाड्या, पत्रकं, कार्यकर्त्यांचं जेवण यातूनच झालं, आणि त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर भाऊजी बसायचे. याला साथ म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

म्हणून म्हणते, बायकोला विचारा. "मी ठरवलंय" असं सांगू नका, खरंच विचारा. ती नोकरीत असेल तर तिच्या पगारावर काय काय चढणार आहे ते कागदावर मांडा.

थोडं राहिलं. तुमची 17 वर्षं म्हणजे तुम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतरचे, म्हणजे तुमचं एनपीएस, पगारातून कपात होणारी नवी पेन्शन. 20 वर्षांचा आमचा हिशोब तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही, पंचायत समितीत लेखा विभागात बसून नीट समजून घ्या. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे नियमही वेगळे आहेत, त्यांनी माझ्या लिहिण्यावर जाऊ नये. खर्चाची मर्यादा आता 40 लाख झालीय. आणि हे मात्र आजही म्हणतात की मला पश्चात्ताप नाही. सकाळी डाळिंबाच्या बागेत असतात, दुपारनंतर ओट्यावर लोकांचे अर्ज लिहून देतात. छावणीची ती वही त्यांनी जपून ठेवलीय.

माझ्याकडे बँकेची पावती आहे. 60 हप्ते, शेवटचा सप्टेंबर 2019 चा. भाऊजी, तुम्हीही हे वाचाल, पुढच्या वेळी घरी आलात की दाखवते.